सात तासांची झोप

वसतिगृहात बावीस वर्षं काढलेल्या मेट्रनताईंचं ठाम मत होतं, की पहिल्या वर्षाच्या मुलींना आजार एकच असतो, घरची आठवण. कुणाचं पोट दुखतं, कुणाला अन्न जात नाही, आणि बऱ्याचजणींच्या डोळ्याला डोळा लागत नाही. यावर त्यांचा उपाय म्हणजे गरम दूध आणि थोडं रागावणं. निम्म्याजणींना तो लागूही पडायचा.

यंदा मानसशास्त्राच्या मॅडमनी नवा प्रयोग काढला. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक खोलीत एक छोटा स्पीकर आला. दिवे मालवले की त्यातून पाऊण तास ओढ्याचं खळखळणं ऐकू यायचं. सकाळी सहाला मेट्रनताईंनी वही घेऊन खोलीखोलीत विचारायचं, किती तास झोपलीस? सलग तीन दिवस आकडा पाचाच्या आत आला, तर मॅडम मुलीच्या घरी फोन करणार. काळजीपोटीच हं! पण काळजीचा फोन कुणाच्या घरी कसा ऐकला जातो, हे मॅडमना कुठून ठाऊक असणार?

बहुतेक पोरी पंधरवड्यात रुळल्या. ओढ्यामुळे की सवयीमुळे, देव जाणे. कोपऱ्यातल्या खोलीतली एक तेवढी राहिली. किरकोळ अंगाची, 'हो ताई', 'नको ताई' यापलीकडे न बोलणारी. तिच्या घरी पाणी दिवसातून तासभर यायचं आणि वाहता नळ बंद करण्याचं काम तिचं. त्यामुळे ओढा खळखळला की ती दचकून उठायची आणि नळ बघून यायची, आणि एकदा मोडलेली झोप रात्रभर परत यायची नाही. पहिल्या दिवशी तिनं खरं सांगितलं, "दीड तास." दुसऱ्या दिवशी, "दोन असतील." तिसऱ्या दिवशी तिनं मेट्रनताईंचा हातच धरला.

"ताई, सात लिहा ना."

"अगं, डोळे बघ तुझे. सात कसे लिहू?"

"घरी फोन गेला तर बाबा न्यायला येतील. ते म्हणालेत, एक तक्रार आली की परत. मला शिकायचंय हो ताई."

मेट्रनताईंनी वही उघडली. त्यांनी सात लिहिलं. पुढे रोजच लिहू लागल्या. संशय नको म्हणून मधूनच साडेसहा.

वहीत लिहिलं म्हणून झोप थोडीच येते? एका सकाळी ती लाँड्रीत चादर द्यायला आली, मळक्या चादरींच्या ढिगावर टेकली आणि आडवीच झाली. शेजारी धुलाईचं मशीन धडधडत होतं, फरशी हादरत होती, मेट्रनताई मोठमोठ्यानं अभ्रे मोजत होत्या, आणि ही गाढ झोपलेली! पहिला तास बुडणार हे मेट्रनताईंना कळत होतं. त्यांचा हात तिच्या खांद्यापर्यंत गेला आणि मागे आला. मग ते रोजचंच झालं. आठ ते दहा धुलाई, आठ ते दहा झोप. पोरीच्या चेहऱ्यावर जरा तजेला आला, तशा मेट्रनताई स्वतःवर भलत्याच खूश झाल्या. मॅडमना सांगावं असं एकदोनदा मनात आलं. पण त्यासाठी वही खोटी आहे हे आधी कबूल करावं लागलं असतं.

कॉलेजात हजेरी मांडली जाते, एवढी साधी गोष्ट त्या विसरल्या. सहा आठवड्यांनी घरी पत्र गेलं: सकाळच्या तासांना एकोणतीस दिवस गैरहजर. दोन दिवसांत वडील मॅडमच्या खोलीत येऊन बसले. मुलीला आणि मेट्रनताईंनाही तिथं बोलावलं.

"झोपेचा काही त्रास नाही हो तिला," मॅडम कौतुकानं म्हणाल्या. "सगळ्यात छान सुधारणा तिचीच आहे. दीड तासावरून सातवर!" आणि त्यांनी वही पुढे केली.

वडिलांनी पानं उलटली. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मुलीला शांतपणे विचारलं, "रात्री सात तास झोपतेस. आजारी नाहीस. मग सकाळी दोन-दोन तास कुठे असतेस?"

ती मान खाली घालून बसली होती. मेट्रनताईंना राहवलं नाही. "माझ्यापाशी असते. लाँड्रीत झोपते. वही खोटी आहे साहेब, मीच लिहिली."

मॅडमचा चेहरा उतरला. "मेट्रन, तिला वाचवायला काहीही बोलू नका."

"बाई," वडील म्हणाले, "खोटं तेव्हा लिहिलंत, की आता बोलताय?"

"तेव्हा. शपथेवर सांगते."

"मग तुमच्या भरवशावर मुलगी कशी ठेवू?"

  माणूस चुकीचं बोलत नव्हता. मेट्रनताईंनी आधारासाठी मुलीकडे पाहिलं, तर ती खुर्चीतच पेंगत होती.

"बघा, बघा तिच्याकडे! बसल्या जागी डोळे मिटतायत. हिला रात्री झोप नाही हो!"

"हिच्या शिक्षणाचं बोलणं चाललंय आणि ही झोपा काढतेय," वडील म्हणाले. "एवढीच आवड आहे शिकायची." त्यांनी तिला हलवून उठवलं. तिघांचे चेहरे पाहून ती समजायचं ते समजली आणि काही न विचारता सामान भरायला गेली.

अर्ध्या तासानं ती बॅग घेऊन खाली आली. वडील गाडी बघायला पुढे गेले होते.

"ताई," ती हळूच म्हणाली, "माझ्यामुळे तुमची नोकरी तर जाणार नाही ना?"

"नाही गं," मेट्रनताई म्हणाल्या, आणि त्यांनी तिच्या हातातली बॅग घेतली. गाडीपर्यंत पोहोचवण्यापलीकडे त्यांना आता तिच्यासाठी काहीच करता येणार नव्हतं.