देवीकडं पाठ करून

मी देवीशी भांडणारी बाई आहे. हात जोडते, नारळ फोडते आणि मनात असेल ते तिला तोंडावर सांगून मोकळी होते. त्या मंगळवारी मात्र भांडायचंही त्राण नव्हतं. "आई, हे लेकरू तूच दिलंस. आता तूच सांग, ठेवू का परत पाठवू?" एवढंच विचारायला मी घरातून निघाले होते.

लेकरू म्हणजे माझ्या भावाची मुलगी, आशा. भाऊ वालूरहून कामासाठी केनियाला गेला आणि तिथल्याच मुलीशी लग्न करून रमला. गेल्या वर्षी अपघातात दोघंही गेले. लहानगी आशा तिकडच्या मावशीकडं राहिली. आम्हा नवरा-बायकोला मूलबाळ नाही. मावशीच म्हणाली, तुम्ही न्या. कचेऱ्यांचे खेटे घालून चपला झिजल्या, तेव्हा कुठं पोर दत्तक म्हणून घरी आली. मी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. वाटलं, देवी पावली गं बाई.

कसलं काय! केळं आणि बिस्किट सोडून पोरगी काही खाईना. तिची भाषा आम्हाला कळेना, आमची तिला. कडेवर घेतलं की लाकडासारखी ताठ व्हायची, माझ्या छातीला हात रेटून उतरायची. मी भाकरी थापायला बसले की मागून येऊन पाठीवर डोकं आपटायची, पदर ओढायची. मला वाटायचं, माझ्यावर राग काढतेय. मी तिला ओढून पुढं मांडीवर घ्यायची, की पुन्हा आकांत. शेवटी नवरा हळूच म्हणाला, "मावशीला फोन लावू का? लय हाल व्हायलेत लेकराचे." मी त्यांच्यावर खेकसले आणि न्हाणीत जाऊन रडले, कारण तेच माझ्याही मनात आलं होतं. ठरलं, देवीला विचारायचं आणि मग फोन करायचा.

देवळात गर्दी होती. नवरा नारळ आणायला गेलेला. माझ्या एका हातात ओटीचं ताट, कडेवर आशा. ती किंचाळत होती, ताटातले तांदूळ सांडत होते, बायका वळून वळून बघत होत्या. पायरीवर एक धनगराची म्हातारी टेकली होती. तिची मेंढरं खाली बाभळीजवळ थांबलेली.

"अगं माय, असं काय धरलंस लेकराला? पाठीला बांध की. हात तरी मोकळे व्हतील तुजे."

मी काही बोलायच्या आत तिनं कमरेला गुंडाळलेलं जुनेरं, जुन्या लुगड्याचा तुकडा, सोडला, मला वाकवलं, आशाला पाठीवर ठेवलं आणि माझ्या छातीशी गच्च गाठ मारली.

रडणं थांबलं. आशानं गाल माझ्या पाठीला टेकवला, एक लांब सुस्कारा सोडला आणि स्वतःशीच काहीतरी गुणगुणायला लागली. तेव्हा मला भावानं पाठवलेला फोटो आठवला. त्यात ती अशीच वहिनीच्या पाठीवर बांधलेली होती. तिकडच्या आया लेकरं पाठीवरच वागवतात. पोर राग काढतच नव्हती. ती रोज आईची जागा मागत होती आणि मी तिला तिथूनच ओढून काढत होते. अरे देवा, म्हणून मी पायरीवरच रडले.

आमच्याकडं देवीला पाठ दाखवत नाहीत. दर्शन झालं की हात जोडून उलट्या पावलांनी बाहेर यायचं. मी जन्मात कधी चुकले नाही. त्या दिवशी ओटी भरली, तर पाठीवर आशाची धडपड जाणवली. माझ्या डोक्याआड तिला काही दिसत नव्हतं. मी सरळ वळून उभी राहिले.

नवरा घाबरला. "अगं, देवीकडं पाठ झाली तुझी!"

"होऊ द्या. पोरीला दिसायलंय ना?"

बाहेर आलो तर म्हातारी नव्हती, मेंढरंही पुढं गेलेली. कोण होती, कुणाला सांगता आलं नाही. जुनेरं परत द्यायचं म्हणून दर मंगळवारी नेते आणि त्यात आशाला बांधूनच परत येते. मावशीला फोन केला, तो पोर पाठीवर झोपलीय हे सांगायला. आता ती वरण-भात खाते, भाजीवरून माझ्याशी भांडतेसुद्धा!

देवीचे उपकार कसे फेडू? आजवर तिच्यासमोर उभी राहून मी मागतच आले. त्या दिवशी पहिल्यांदा मी तिच्याकडं बघत नव्हते. आशा देवीकडं बघत होती, देवी आशाकडं, आणि मी नुसती लेकरू वाहत उभी होते. जे विचारायला गेले होते, ते विचारायचं राहूनच गेलं.