भंगारातून आलेली मदतीची हाक

ती केस आठवली की आजही माझं डोकं फिरतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण एवढी चीड दुसऱ्या कुठल्या आरोपीची आली नाही.

तेव्हा मी पिंपरी-चिंचवडमधल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. ठाणे अंमलदार हसतच केबिनमध्ये आला. "साहेब, कंट्रोल रूमचा निरोप आहे. आपल्या हद्दीत जहाज बुडतंय म्हणे!"

बाहेर हशा पिकला. निरोप मात्र खरा होता. समुद्रात जाणाऱ्या जहाजांवर एक छोटं पिवळं यंत्र असतं. जहाज बुडून त्याला पाणी लागलं की ते आपोआप उपग्रहामार्फत मदतीची हाक देतं. कप्तानाला रेडिओवर 'मेडे', म्हणजे 'वाचवा', म्हणायला सवड मिळाली नाही, तरी हे यंत्र जहाजाची ओळख आणि ठिकाण कळवत राहतं. शोध-बचाव केंद्राला ओळख मिळाली होती कोकण किनाऱ्यावरच्या एका टगची, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीची. ठिकाण होतं चिखलीकडच्या एका भंगार गोदामाचं.

आम्ही पोहोचलो तेव्हा प्लास्टिक धुण्याच्या टाकीत ते यंत्र दिवा मारत तरंगत होतं. भंगाराचं प्लास्टिक दळण्याआधी धुवून घेतात, त्यात हेही गेलं होतं. मालक तिथल्याच जुन्या गावातला. हात जोडून म्हणाला, "आमाला काय ठावं साहेब? पिवळं डबडं दिसलं, टाकलं पाण्यात. माल भोसरीच्या गोदामातनं आलाय, चोरीचा न्हाई." पंच बोलावून पंचनामा केला आणि यंत्र बंद करून जप्त केलं.

परत आलो तर ठाण्यात एक बाई उभी. थेरगावात राहणारी, मूळची मालवणकडची, त्या टगच्या कप्तानाची बायको. यंत्राच्या नोंदणीत संकटकाळी कळवायचा नंबर तिचा होता, म्हणून केंद्राने तिलाही फोन करून आमच्या ठाण्याचं नाव सांगितलं होतं. नवऱ्याचा मोबाइल लागत नव्हता. "साहेब, माका खरा काय ता सांगा. माझो घोव जिवंत आसा मां?"

थोड्या वेळाने केंद्राने कळवलं, टगशी रेडिओवर बोलणं झालं, सगळे खुशाल आहेत. बाई बाकावर बसली आणि रडायला लागली. अंमलदार म्हणाला, "चला, खोटी हाक निघाली. स्टेशन डायरीत नोंद करतो, विषय संपला."

"कसला संपला?" मी ओरडलोच. "बोट समुद्रात आहे आणि तिचं यंत्र माझ्या टेबलावर. मग बोटीवर काय आहे?"

केंद्रामार्फत कप्तानाला विचारलं. तो म्हणाला, यंत्र जागेवर आहे, वर तपासणीचं नवं लेबलही आहे. मी म्हटलं, उघडून बघा. उघडलं, तर आत वाळू! वजन जुळावं म्हणून भरलेली वाळू! तिकडे हवा बिघडत चालली होती. केंद्राने टगला ताबडतोब जवळच्या बंदराकडे वळवलं, आणि ती बंदराला लागेपर्यंत बाई ठाण्यातल्या बाकावरून हलली नाही.

भोसरीचं गोदाम बोटींची सुरक्षा-यंत्रं तपासून देणाऱ्या एका ठेकेदाराचं निघालं. त्याला उचलून आणला. इस्त्रीचा शर्ट, तोंडात साखर. आधी म्हणाला, नोकरांची चूक. मग म्हणाला, लेबल बघा, सगळं रीतसर आहे. वाळूचा फोटो समोर ठेवला तेव्हा बोलायला लागला. तपासणीला आलेलं चांगलं यंत्र दुसऱ्याला विकायचं आणि बोटीवर वाळू भरलेलं जुनं कवच चढवायचं, हा त्याचा धंदा. गोदाम आवरताना माणसांनी रिकाम्या कवचांबरोबर हे चांगलं यंत्रही भंगारात दिलं, म्हणून सापडला. वर मला म्हणतो कसा, "साहेब, ते वर्षानुवर्षं नुसतं लटकलेलं असतं. कोण मेलंय का त्याच्यावाचून?"

हात शिवशिवला. आवरला, कारण आरोपीच्या अंगावरचा वळ कोर्टात त्याच्याच उपयोगी पडतो. त्याऐवजी बाकीच्या बोटींची नावं त्याच्याकडून काढली आणि लगोलग केंद्राला कळवली. आणखी काही बोटींवर वाळूच निघाली. हलकट माणूस! लोक त्याच्या लेबलाच्या भरवशावर समुद्रात जात होते.

हाक खोटी निघाली की आपण सुस्कारा सोडतो आणि उठतो. तपास तिथूनच सुरू करायचा असतो, एवढं मी या केसमध्ये शिकलो.

काही दिवसांनी कप्तान बायकोला घेऊन जबाब द्यायला आला. तो मोजकं बोलला. बाईला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय? जबाब लिहायचा म्हणून ती जपून शहरी मराठीत बोलली. "वादळ सुटलं की सासूला झोप लागायची नाही, साहेब. मी सांगायचे, आई, निजा तुम्ही, त्यांच्या बोटीवर यंत्र आहे. म्हातारी माझ्या शब्दावर निजायची." मग तिचा आवाज चढला. "त्या मेल्याने माझ्या तोंडून खोटं वदवलं!"

तिचं हे म्हणणं कुठल्याच कलमात बसत नव्हतं. जबाब लिहून घेणाऱ्या रायटरने पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लिही. बाई बोलली तसंच्या तसं लिही."