वहिनींची पट्टी

वहिनी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी समुद्रपूरच्या शाळेत चौथीला आरोग्याचा धडा शिकवत होतो. आमच्या गावाहून, अल्लीपूरहून, आलेला माणूस दारातूनच म्हणाला, "मास्तर, चला लवकर." लाज वाटते सांगायला, पण रडू आलं नाही… आधी डोळ्यांपुढं आला तो त्यांचा डावा पाय.

तो पाय संध्याकाळपर्यंत टम्म सुजायचा. आमच्याकडं पाय सुजला की लोक थेट हत्तीपायच म्हणतात. म्हणून मीच त्यांना वर्ध्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, हत्तीपाय नाही, शिरा कमजोर झाल्यात, रक्त वर चढत नाही. सकाळी उठण्याआधीच बोटांपासून गुडघ्यापर्यंत पट्टी बांधा, खाटेच्या पायथ्याखाली विटा ठेवा, फार वेळ उभ्या राहू नका. दोन महिन्यांत सूज निम्म्यानं उतरली.

मग माझ्या सोयरिकीसाठी मुलीकडचे घर पाहायला येणार म्हणून कळलं. त्या सकाळी मीच विटा काढून गोठ्यात टाकल्या.

"वहिनी, आज पट्टी नोका बांधू. पाव्हणे हत्तीपाय समजतीन. सोयरीक मोडन माही."

"भाऊजी, डॉक्टरनं सांगतलं ते तुमीच तं आयकलं नं?"

"एका दिवसानं काय होते?"

त्यांनी पट्टी कोनाड्यात ठेवली. नऊवारीत पोटरी दिसते, म्हणून शेजारणीचं पाचवारी पातळ मागून नेसल्या आणि दिवेलागणीपर्यंत उभ्यानं राबल्या. एक दिवस कसला! लग्न लागेपर्यंत सोयरे येतच राहिले आणि पट्टी कोनाड्यातच राहिली. हळद लागली त्याच आठवड्यात घोट्यावरची कातडी फुटली. ती जखम पुढं कधी धड भरली नाही. शेवटचा ताप तिच्यातूनच चढला.

माझी बायको नवी नवरी म्हणून आली आणि ती जखम धुऊ लागली. एकदा तिनं विचारलं, "बाई, हे झालं कशानं वो?"

"दाराचा कोपरा लागला," वहिनी म्हणाल्या. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मी तिथंच बसलो होतो, मास्तर माणूस, पेपर तोंडापुढं धरून. थू माझ्या शिक्षणावर!

तेरवीनंतर बायकोनं पट्टी धुतली, घट्ट गुंडाळली आणि कोनाड्यात ठेवली. जखमेनंतर परत लावलेल्या विटा अजून खाटेखालीच आहेत. तिला दाराचा कोपराच ठाऊक आहे. दर रविवारी मी घरी नेलेली पेपरची पुरवणी ती त्याच खाटेवर बसून पहिल्या ओळीपासून वाचते. या रविवारच्या पुरवणीत हे छापून येणार आहे; तीही मीच नेणार आहे.