घराण्याचा खोकला

लातुरात माझी ओळख ‘थुंकीवाल्या बाई’ अशी आहे. क्षयरोगाच्या जंतूंचा अभ्यास करणाऱ्या एका प्रकल्पात मी तंत्रज्ञ आहे, आणि लातूर-नांदेडच्या गावांमधून रुग्णांचे बेडके गोळा करून आणणं हे माझं काम. औशाहून परतताना बर्फाचा डबा मांडीवर घेऊन एसटीत बसले की शेजारची बाई हमखास विचारते, "कुल्फी हाय का?" मी खरं ते सांगते. मग लातूरपर्यंत अख्खी सीट माझी असते.

जंतूंनाही कुळं असतात. भिंगाखाली सगळे सारखेच दिसतात, पण आतलं लिखाण वेगवेगळं. वाढताना ते स्वतःची नक्कल करतात, नक्कल करताना अधूनमधून चुकतात, आणि ती चूक पुढच्या पिढ्यांत उतरते. दोन रुग्णांच्या जंतूंत त्याच त्या चुका सापडल्या की दोघांचा रोग एकाच वाटेनं आला असं आम्ही समजतो. आमच्या प्रकल्पाचे डॉक्टर म्हणतात, मी हे फार सोपं करून सांगते. त्यांनी एकदा माझ्याबरोबर दुपारी बारा वाजता गावात हिंडून हे अवघड करून सांगून दाखवावं. माझा स्वभाव मुळात चिडका, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या खोकल्याची मनधरणी करून तो काही सुधारलेला नाही.

आमच्या यादीत चाकूरचं एक घर होतं. लिंगायत कुटुंब, खत-बियाण्यांचं चांगलं चालणारं दुकान. घरची सून नांदेडकडच्या लोहा गावची. वर्षापूर्वी तिला टीबी निघाला, तेव्हाचा तिचा नमुना आमच्याकडे जपून ठेवलेला होता. सहा महिने गोळ्या घेऊन पोरगी ठणठणीत बरी झाली. पण पुढं तिला ‘आरामाला’ म्हणून माहेरी धाडलं, ते परत बोलावलंच नाही. सासऱ्यांचा निकाल आधीच लागलेला होता: रोग लोह्याहून आला. नवरा वडलांपुढं तोंड उघडायचा नाही. दर रविवारी माल बघायला अहमदपूरला जातो म्हणून सांगायचा आणि लोह्याला बायकोला भेटून यायचा. एवढा माल बघूनही दुकानात एक पोतं वाढत नव्हतं, तरी कुणी काही विचारत नव्हतं.

सासऱ्यांना सगळं गाव आप्पा म्हणतं. समाजातल्या निम्म्या सोयरिकी त्यांनी जुळवलेल्या. कुणाचं कूळ काय, मामा कुठले, घरात काही खोट आहे का, सगळं त्यांच्या वहीत. मी गेले तेव्हा ते गादीवर बसून दर वाक्याला दोनदा खोकत होते.

"आप्पा, खोकला कधीपासून आहे?"

"ह्यो घराण्याचा खोकला हाय. वडलांना होता, आज्ज्याला होता. त्याला दवा लागत न्हाई."

"डबीत बेडका द्या."

"मॅडम, बिमारी सुनंला झाली. मी कशाला थुंकू?"

मला राग आला, पण अक्कलही आली. म्हटलं, "आप्पा, आम्ही जंतूचं कूळ काढतो. तो कुठून आला ते शोधतो."

आप्पा सावरून बसले. "कूळ निघतं? मामेकुळासकट?"

"बरंचसं."

"मग लोह्याचंच निघंल. लिहून देतो." आणि मागच्या अंगणात उभं राहून त्यांनी असा भरघोस नमुना दिला की अख्ख्या नोकरीत मला तसा कुणी दिला नव्हता.

पण सोयरीक जुळवणारा माणूस कागदावर भरवसा ठेवत नाही. तो त्या घरी जाऊन बसतो. माझा पहिला रिपोर्ट यायच्या आतच आप्पा वही घेऊन लोह्याला व्याह्यांच्या ओसरीवर जाऊन बसले. कोण खोकतं ते बघायचं, नाव लिहायचं, नातं लिहायचं. हे मला पुढं सुनेनंच सांगितलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या ओसरीवर एकच माणूस खोकत होता. विहीणबाईंना कीव आली, त्यांनी अडुळशाचा काढा करून दिला. आप्पांनी काढा घेतला आणि वहीत लिहिलं: ‘मंडळी खोकला दाबून राहिली.’

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. आप्पांना टीबी होता. गोळ्या सुरू झाल्या. ते दिवसभर ओसरीवर बसून आलेले, म्हणून लोह्याचं अख्खं घरही तपासावं लागलं. एकालाही काही निघालं नाही. इकडं तीन पिढ्यांचा खोकला दीड महिन्यात गेला.

कुळाचा रिपोर्ट यायला तीन महिने लागले. सुनेला विचारून, तिची हरकत नाही हे बघून, डॉक्टरांनी आप्पांना बोलावलं. दोघांचे जंतू एकाच कुळाचे, चुका त्याच त्या.

"म्हणलं न्हवतं?" आप्पा खूष. "तिनंच दिला मला!"

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "दोन पोरांच्या पेपरात सारख्याच चुका निघाल्या तर कॉपी झाली एवढं कळतं. कुणी कुणाची केली, ते नुसत्या पेपरावरून कळत नाही."

मी शांत नव्हते. "पण आप्पा, लिहायला आधी कोण बसलं ते तर कळतं ना? लग्नाच्या व्हिडिओत सनईपेक्षा तुमचा खोकला जास्त ऐकू येतो, हे तुमच्या मुलानंच मला सांगितलंय. आणि लोह्यात तर सगळे निरोगी निघाले."

आप्पा उठून चालू लागले. मला जरा वाईट वाटलं, पण जराच.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. "मॅडम, लोह्याला चलता का? सून आणायचीय. असल्या कामाला मध्यस्थ लागतो."

"मी तंत्रज्ञ आहे, आप्पा."

"कूळ तुम्हीच काढलं न्हाई का?"

गेले. ओसरीवर सगळे बसले. आप्पांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. व्याह्यांसमोर सरळ म्हणाले, "बिमारी माझी होती. आळ ह्या पोरीवर घेतला. न्यायला आलोय."

सून दारात उभी होती. "मामा, गोळ्या चालू हायत ना अजून?"

"हाव. पण भिऊ नको. डॉक्टर म्हणले, आता माझ्यापासून कुणाला लागत न्हाई."

"मला बी दोन महिन्यांतच तसं म्हणले होते, मामा. मी तुम्हाला कागद दाखवला होता. तरी माझा कप येगळा करून न्हाणीच्या खिडकीत ठिवला होता तुम्ही."

एरवी अशा अडचणीत आप्पांना खोकला मदतीला यायचा. आता तोही नव्हता.

"चुकलं," आप्पा म्हणाले. "लई चुकलं."

"सोमवारी येते," ती म्हणाली. "न्यायला कुणी येऊ नका. माझी मी एसटीनं येईन."

मग ती आत गेली आणि सगळ्यांचा चहा घेऊन आली. एकाच ताटात, एकसारखे कप. पहिला तिनं आप्पांपुढं ठेवला. तो उचलायला आप्पांना फार वेळ लागला.