पाकाचा आळ

"गुळाचा पाक!"

हे दोन शब्द कानावर घालून सिद्धप्पा चहा पिऊन उठून गेला, पण जगदेवीच्या डोक्यात ते जे शिरले ते काही केल्या निघेनात.

सिद्धप्पा हा तिचा मावसभाऊ. करकंबच्या बाजाराला गेला होता, तेव्हा जगदेवीच्या लेकीच्या, सुंदरम्माच्या, सासरी टेकून आला. तिथं जे कानावर आलं ते त्यानं भाबडेपणानं हिच्यापुढं ओतलं. सुंदरम्मा पहिलं बाळंतपण उरकून सासरी निघाली, तेव्हा बाळाच्या गुटीसाठी जगदेवीनं घरच्या मधाची बाटली बांधून दिली होती. थंडी पडली आणि बाटलीतला मध खालपासून वरपर्यंत रवाळ झाला. झालं! त्या घरात एकमतानं ठरून गेलं, की सोलापूरच्या विहीणबाई मधात पाक घालतात.

"वाईट वाटून घिऊ नगंस," सिद्धप्पा म्हणाला होता. "गुऱ्हाळवाली मानसं ती. पाकातलं त्यास्नी कळतंय की."

वाईट वाटून घेऊ नको म्हणे! जगदेवीनं त्या दिवशी भाकऱ्या अशा थापल्या, की परातीचा आवाज शेजारच्या घरात गेला.

कुमठा नाक्यापलीकडं त्यांचं घर, आणि मागं परसात शेवग्याखाली मधमाश्यांच्या पेट्या. पहिली पेटी तिच्या नवऱ्यानं, अण्णारावानं, खादीवाल्यांच्या शिबिरातून हौसेनं आणलेली. एक माशी डोळ्याखाली चावली, सुजलेलं तोंड घेऊन गिरणीत जावं लागलं, साऱ्या खात्यानं थट्टा केली आणि गृहस्थाची हौस फिटली. पेटी तो कुणाला तरी देऊन टाकणार होता. जगदेवी आडवी आली. तेव्हापासून मुंग्या चढू नयेत म्हणून पेटीच्या पायांखालच्या वाट्यांत पाणी तीच घालायची, उन्हाळ्यात वर ओलं पोतं तीच टाकायची. गल्लीत कुणाला खोकला झाला, कुणाला श्रावण सोमवारी पिंडीवर अभिषेक करायचा असला, की वाटी तिच्याच दारात यायची. आपल्या मधाला तिनं कधी पाण्याचं बोट लागू दिलं नव्हतं. करडईच्या मधाला थंडीत रवा धरतोच, हे तिच्या गल्लीतल्या पोरासोरांना ठाऊक. आणि देवाच्या पिंडीवर चालणारा मध करकंबच्या गुऱ्हाळवाल्यांना चालत नव्हता!

"दोन शब्द बोलले तर काय झालं गं?" अण्णाराव म्हणाला. "त्यानं मध आटला व्हय?"

"तुमास्नी काय हो! तुमचा मध हाय का त्यो?" जगदेवी कडाडली. "त्या घरात माझी लेक नांदती. उद्या भांडान झालं की तिला म्हनतील, लबाडाची लेक हाय. ते कोन पुसनार?"

अण्णाराव चपला घालून बाहेर गेला.

पुढं नातवाच्या जावळाचं बोलावणं आलं. जगदेवीनं मनाशी ठरवलं, आता बाटली न्यायची नाही, पोळंच न्यायचं. एरवी ती पोळं हातयंत्रात फिरवून मध काढायची आणि रिकामं पोळं पुन्हा पेटीत ठेवायची, म्हणजे माश्यांचे कष्ट वाचतात. सबंध पोळं कापायचं तिच्या जिवावर यायचं. पण रानात करडई फुलून पिवळी झाली, तशी तिनं एका पेटीत वरच्या अंगाला तारा न ओढलेली, पोळं सबंध कापून काढता येईल अशी कोरी चौकट टांगली. माश्यांनी ती काठोकाठ भरली आणि प्रत्येक घर पांढऱ्या मेणानं बंद केलं. आता काढा म्हणावं ह्यात खोट!

कापताना कडेचा एक तुकडा तुटला. तो तिनं गरम भाकरीवर ठेवून नवऱ्यापुढं सरकवला. मेणाची झाकणं दाताखाली फुटली, मध भाकरीवरून मनगटापर्यंत ओघळला आणि बोलघेवडा अण्णाराव मनगट चाटत राहिला. जगदेवीला सुंदरम्माची आठवण झाली. लहानपणी ती धुण्याच्या दगडावर बसून पोळ्याचा तुकडा असाच चघळायची आणि उरलेल्या मेणाच्या गोळ्या करून भिंतीला चिकटवायची. त्यातल्या काही अजून तिथंच होत्या.

जावळाच्या दिवशी पहाटेच जगदेवी एकटी निघाली. गिरणीतून अण्णारावाला रजा मिळाली नव्हती. केळीचं पान घालून पोळं पितळी डब्यात ठेवलं होतं. कंडक्टर म्हणाला, "बाई, डबा वर ठेवा." ती म्हणाली, "मोडला तर तू भरून देनार हाईस?" तो तिकिटं फाडत पुढं गेला. पंढरपूरला गाडी बदलून करकंब येईपर्यंत डबा मांडीवरून हलला नाही, आणि काय काय बोलायचं याची उजळणी चालली होती.

जावळ झालं. बायका माजघरात टेकल्या. सुंदरम्मा बाळाला घेऊन दारात उभी होती. जगदेवीनं सगळ्यांच्या मधोमध डबा उघडला.

"बगा विहीनबाई, नीट बगा. पाकाला असली घरं पाडता येत्यात का?"

तिची विहीण शिवबाई थक्क होऊन पोळ्याकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "पाक? पाक कोन म्हनलं?"

"तुमीच की!"

"मी?" शिवबाईचा आवाज चढला. "अवो, बाटलीत रवा दिसला तवा मी सुनंला इचारलं, वल्ला चमचा घालून नासवलास का गं? तर हीच म्हनली, न्हाई अत्ती, माझी अव्वाच मधात पाक घालती." ती सुनेकडं वळली. "काय गं? म्हनलीस का न्हाई? का मला खोटं सांगितलंस? बोल की!"

सगळ्या बायकांच्या माना दाराकडं वळल्या.

आपल्या पेट्यांजवळ वाढलेली पोर! एका ओल्या चमच्याच्या बोलण्याला भिऊन तिनं आईच्या माथी लबाडी मारली! जगदेवीच्या अंगाचा नुसता भडका झाला. असं वाटलं, उठावं आणि दोन मुस्काटात ठेवून द्याव्यात. तिनं लेकीकडं पाहिलं. सुंदरम्माचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि तिनं बाळ छातीशी घट्ट धरलं होतं.

"खरं हाय तिचं," जगदेवी म्हणाली. "त्या बाटलीत मीच पाक घातला हुता. तवा मध कमी निघाला हुता. ह्यो तेवडा चोख हाय."

माजघरात कुजबुज झाली. शिवबाईचा चेहरा सैलावला. "कबूल केलंसा, लई बरं केलंसा," ती मोठ्या मनानं म्हणाली. निघताना रिकामा डबा परत देऊ नये म्हणून तिनं त्यात गूळ घातला. वर म्हणाली, "पाकाला लागला तर आमच्याकडनंच नेत जावा की."

जगदेवीनं तेही ऐकून घेतलं. डब्याचं झाकण दाबून लावलं आणि ती उठली.

अंगणाच्या कडेपर्यंत सुंदरम्मा मागं आली. "अव्वा..." एवढंच म्हणाली आणि पदर तोंडात धरून उभी राहिली.

"गप ऱ्हा," जगदेवी मागं न बघता म्हणाली. "पोळ्याला चमचा लागत न्हाई. हातानं खा."

आणि गुळाचा डबा काखेत मारून ती गाडी गाठायला झपाझप निघाली.