सत्तुराला पाणी पाजलं, त्याची गोष्ट

मी आयुष्यात एकदाच एका सत्तुराला पाणी पाजलं आहे. तो मुकाट्यानं प्यायला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सांगलीतल्या इंग्लिश शाळेत शिकणारी, जत्रेसाठी विट्याला आत्याकडे आलेली. आत्याच्या यजमानांचे, म्हणजे मामांचे, मूळचे विट्याचेच, पण मदुराईला सोनं गाळायचा धंदा करणारे मित्र जेवायला येणार होते. त्यांच्यासमोर कुणी ‘इंग्लिश शाळेची पोर’ म्हणून हसू नये, एवढीच माझी इच्छा. म्हणून काही अडलं तरी मी विचारायचे नाही!

आत्यानं मटणाचा सत्तूर माझ्या हातात दिला. (वजन माझ्या दप्तराएवढं!) म्हणाली, "मागच्या दगडावर जरा पाजव. चांगली धार येईपतूर सोडू नगं."

पाजव? काय पाजवू? पाजतात ते तान्ह्या बाळाला, एवढंच मला ठाऊक. पण दगड म्हणजे नळाखालचा धुण्याचा, धार म्हणजे पाण्याची... मग पाणीच असणार! मी सत्तूर दगडावर निजवला आणि नळ सोडला. टप... टप...

"आली का गं धार?" आत्या आतून ओरडली.

"नाही आत्या, नुसते थेंब येतायत!"

"थेंब? आवं, ऐकलं का? पोरीनं बोट कापून घेतलं!"

मामा हळदीचा डबा घेऊन धावत आले. "कंचं बोट?"

"मामा, बोट नाही..."

"न्हाई? तुटलं?"

आत्यानं गळाच काढला. मी घाबरून दहाही बोटं पुढे केली. मामांनी ती मोजली. मग उजव्या हाताचं, सत्तूर उचलून लाल झालेलं एक बोट धरलं, हळद दाबली आणि चिंधी बांधली. मी बांधू दिली. खरं सांगायचं, तर काय करत होते तेही सांगावं लागलं असतं!

मामा सत्तूर पुसून दगडावर खसाखसा घासू लागले, तेव्हा कुठे कळलं, पाजवणं म्हणजे धार लावणं.

"लय धाडसाची हाय पोर," मामा म्हणाले. "हूं न्हाई की चूं न्हाई!"

पाहुणे आले, पंगत बसली. मी अगदी विट्याची असल्यासारखी भाकरी कुस्करायला हात घातला.

"आगं, चिंधी भिजंल!" म्हणत आत्या धावली आणि सगळ्यांदेखत माझ्या ताटात चमचा ठेवला.

समोरच्या एका पाहुण्यांनी चमच्याकडे निरखून पाहिलं. मग मामांना हळूच म्हणाले, "पोरगी इंग्लिश शाळंतली दिसतीया!"