दोन ओट्यांवरचा ग्रे

औरंगपुऱ्यातल्या आमच्या मॅचिंग सेंटरमध्ये ‘राखाडी’ हा शब्द उच्चारायला बंदी होती. साडीवर ब्लाउजपीस, फॉल, परकर विकायचं दुकान; येणारं गिऱ्हाईक बहुतेक लग्नाच्या गडबडीतलं. त्यांना राख कोण दाखवणार? म्हणून ग्रे म्हणायचं. लाइट ग्रे, स्टील ग्रे, माउस ग्रे. शेडकार्डावर तर चक्क ॲश ग्रे होता, आणि तो साखरपुड्यासाठी हौसेनं नेणाऱ्या बायका मी पाहिल्यात. इंग्रजीतली राख कपाळाला लागत नाही, असं वडील गल्ल्यावर बसून म्हणायचे आणि आई डोळे वटारायची.

गिऱ्हाईकं या शब्दाला काय काय कामाला लावायची! मळखाऊ हवा असेल तर ग्रे. निळा म्हणवत नाही आणि काळा नको, तर ग्रे. विधवा आत्याला द्यायची साडी असेल तर तोच शब्द, पण हळू आवाजात. ज्याचं नाव घ्यायला माणूस कचरतो तो ग्रे, अशी माझी आपली व्याख्या. आईला मात्र व्याख्या लागत नव्हती. ट्यूबलाइटखाली ती कधीच निकाल द्यायची नाही. कापड घेऊन दुकानाच्या पायरीवर जायची, उन्हात धरायची आणि गठ्ठ्यातून नेमका एक तुकडा उपसून काढायची. तिचं कधी चुकलं नाही, आणि आम्ही बापलेकांनी तिच्याशी कधी वाद घातला नाही.

गेल्या हिवाळ्यात वडील झोपेतच गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी राख सावडायला आई हट्टानं आमच्याबरोबर आली. स्मशानात पत्र्याच्या शेडखाली शेजारी शेजारी दोन ओटे, दोन्हींवर गार झालेली राख. तिथला कामगार म्हणाला, “तीन नंबर तुमचा.”

आई तीनपाशी वाकली. चिमूटभर राख पदरावर घेतली आणि शेडबाहेर उन्हात गेली. परत आली, पदर झटकला आणि चार नंबरची चिमूट घेऊन पुन्हा बाहेर गेली. तिचा चेहरा अगदी दुकानातला होता.

“हे ह्यांचं नाय,” तीनकडे बोट दाखवून ती म्हणाली. “हे लई पांढरं. आपलं ते, चार नंबरचं.”

“काकू, नंबर मीच लावलाय,” कामगार म्हणाला.

“मला नको शिकवू. सगळा जन्म ह्याच्यातच गेलाय माझा.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अग्नी मीच दिला होता. पण त्या संध्याकाळचा धूर, माणसं, माझे भरलेले डोळे... तीन की चार? मी या ढिगाकडून त्या ढिगाकडे बघत राहिलो, आणि यातला माझा बाप कोणता ते मला कळेना. अशी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती. “आई म्हणते तेच,” मी म्हणालो. चार नंबरच्या अस्थी आणि राख आम्ही पोत्यात भरली.

पैठणला नदीत पोतं रिकामं करताना बोटांना काहीतरी टणक लागलं. स्टीलची बोटभर पट्टी, तिला दोन स्क्रू. हाड मोडल्यावर आत बसवतात ती. वडिलांच्या अंगाला जन्मात कधी कात्री लागली नव्हती. आई घाटाच्या पायरीवर उभी होती. तिनं पाहिलं आणि पदराचं टोक तोंडात कोंबलं.

मी तिथूनच कामगाराला फोन लावला.

“चार नंबर बेवारस होता भाऊ,” तो म्हणाला. “काकूंसमोर तसं कसं बोलायचं? तुमचा तीन हाय तसाच. आता धुवायलाच घेणार होतो.”

“हात लावू नका!” मी ओरडलो.

आम्ही लगेच गाडी माघारी वळवली. वाटेत बिडकीनपाशी आई बाहेर बघत म्हणाली, “त्या माणसाला तरी नदी मिळाली.” थोड्या वेळानं म्हणाली, “गाडी जोरात घे.”

आम्ही स्मशानात पोचलो तेव्हा कामगार नळाला पाइप जोडून बसला होता. ओटा कोरडाच होता. आईनं चप्पल काढली. या वेळी तिनं ना चिमूट घेतली, ना उजेडाकडे पाहिलं. दोन्ही हात मनगटापर्यंत राखेत घातले आणि तीन दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

“चुकलं हो माझं,” ती म्हणत होती. “साऱ्या दुनियेचे रंग ओळखले, अन् तुम्हाला नाय ओळखलं.”